इतिहासाच्या कपाटाबाहेरची पुस्तकं



आपल्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये एक प्रश्न हटकून असतो. इतिहास वाचायचाय, पण शाळेत सनावळ्या घोकताना जो कंटाळा बसला तो अजून उतरत नाही, तर सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ऐकून काही जण नाराज होतात, कारण मी त्यांना थेट रियासतींकडे पाठवत नाही. सरदेसायांच्या रियासती थोर आहेत, माझ्याही हाताशी असतात, पण त्या अडलं की उघडायच्या. दुपारी जेवण झाल्यावर लोळत वाचायचं पुस्तक वेगळं. मी म्हणते, ग्रंथालयात गेलात की 'इतिहास' अशी पाटी असलेलं कपाट ओलांडून पुढे जा. प्रवासवर्णनं, आत्मचरित्रं, गावकारभार, पाककृती अशी कपाटं जिथे असतात तिथे थांबा. गेल्या दोनशे वर्षांतला महाराष्ट्र तिथे जास्त मोकळेपणानं बोलतो.

आणि एक अट. शक्यतो जोडीनं वाचा. प्रत्येक लेखक आपल्या खिडकीतून दिसतं तेवढं सांगतो, आणि बहुतेक वेळा ते खरंच सांगतो. पण तीच गल्ली समोरच्या घरातून कशी दिसते हे कळेपर्यंत आपल्याला गल्ली कळलेली नसते. हे पुढे उदाहरणांनी स्पष्ट होईल.

पहिलं पुस्तक विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास'. गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. घर गरीब, वर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत अशी बातमी येते. यज्ञ म्हणजे दक्षिणा. कर्ज फिटेल या हिशेबानं हे तिशीच्या आतले भटजी आपल्या काकांना सोबत घेऊन १८५७ च्या मार्चमध्ये उत्तरेकडे चालू लागतात. आता साल पाहा! यज्ञ राहिला बाजूला. महूच्या छावणीच्या आसपास असतानाच यांच्या कानावर येतं की काहीतरी भयंकर होणार आहे, आणि पुढची दोन-अडीच वर्षं हे दोघं काका-पुतणे त्या वणव्यातून चालत राहतात.

या पुस्तकाची गोडी अशी की भटजींना कुठलाच मोठा सिद्धान्त मांडायचा नाही. त्यांना दक्षिणेची काळजी आहे, आंघोळ-संध्येची काळजी आहे, कमरेला बांधलेल्या पैशांची काळजी आहे. ते झाशीत असतानाच ह्यू रोजच्या फौजेचा वेढा पडतो. १८५८ च्या एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडतं, कत्तल होते, आणि लूट सुरू होते. ती सोन्या-चांदीपासून सुरू होऊन भांड्यांवर, मग कपड्यांवर, शेवटी धान्यावर कशी उतरत गेली हे त्यांनी लिहिलंय. तो भाग मी एका बैठकीत वाचू शकलेली नाही. झाशीच्या राजवाड्यातल्या पोथ्यांच्या संग्रहाचा नाश झाला, त्यावरही ते थांबतात. काशीचे पंडितसुद्धा प्रती करून न्यायला तिथे येत असत असा तो संग्रह. सत्तावनच्या इतिहासात तोफा किती, पलटणी किती, हे सगळं सापडतं, पण पोथ्या फाटल्या म्हणून हळहळणारा माणूस क्वचितच भेटतो.

आणि राणी. झाशी सोडून काळपीच्या वाटेवर असलेली, तहानलेली, पुरुषी वेषातली राणी भटजींना भेटते. ते विहिरीचं पाणी शेंदून द्यायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते आणि स्वतः शेंदते. विद्वान ब्राह्मणानं आपल्यासाठी कष्ट घेऊ नयेत म्हणून. पुतळ्यांतली घोड्यावरची राणी मला कधी ओळखीची वाटली नाही, विहिरीवरची वाटते.

भटजी परत आले तेव्हा कर्ज फेडण्याइतका पैसा काही हाती नव्हता. लुटला गेला होता. गंगेची कावड मात्र त्यांनी खांद्यावरून घरापर्यंत आणली आणि आई-वडिलांना तिचं स्नान घातलं.

हे पुस्तक आपल्याला मिळालं कसं, तीही एक गोष्टच आहे. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून भटजींनी पंचवीसेक वर्षांनी आठवणी लिहून काढल्या. राज्य इंग्रजांचं, विषय बंडाचा. पुस्तक बाहेर आलं १९०७ मध्ये, भटजींच्या मागे, आणि तेही वैद्यांनी आपला हात फिरवलेलं. भाषा बदललेली, मजकुरात काटछाट. मूळ लिखाण जसंच्या तसं वाचायला १९६६ उजाडावं लागलं, दत्तो वामन पोतदारांनी ते छापलं तेव्हा. म्हणजे घटना घडल्यापासून शंभरावर वर्षं. तेव्हा दुकानात गेलात तर मूळ प्रतीवरून केलेली आवृत्ती आहे का, हे विचारून घ्या.

याची जोडी मी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'शी लावते. वरवर पाहिलं तर संबंध नाही. तो १८५७ चा प्रवासी, या १८६८ मध्ये जन्मलेल्या, नाशिकजवळच्या. पण पुस्तकाच्या सुरुवातीलाच सत्तावन येऊन भेटतं: त्यांच्या आईचे वडील त्या धामधुमीत फासावर गेले. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं असं वेड लागलं की बाजारातून आणलेली प्रत्येक वस्तू धुऊन घरात यायची. मीठसुद्धा! आता धुतलेल्या मिठाचं काय होणार ते तुम्हीच पाहा. लक्ष्मीबाई हे सांगताना हसवतात आणि हसता हसता लक्षात येतं की एका फाशीनं पुढच्या पिढीचं स्वयंपाकघर कसं बदलून टाकलं ते आपण वाचतोय. हे कुठल्या बखरीत येणार?

पुढे त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, १८९५ च्या १० फेब्रुवारीला मुंबईत बाप्तिस्मा घेतात. बायकोला आधी न सांगता. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहतात, मग नवऱ्याकडे जातात पण सोवळं सांभाळून, आणि मग एक दिवस त्यांना स्वतःलाच वाटतं की हा जातीभेद देवानं केलेला असणं शक्य नाही. यात कुठे व्याख्यान नाही. पाण्याचा हंडा, चूल, कोण कुणाच्या हातचं खातं, एवढ्यावरच सगळं घडतं. धर्मांतरावर एरवी लिहिलं जातं ते एक तर बाजूनं नाही तर विरोधात, इथे मात्र एक बाई रोज सकाळी उठून काय करायचं ते ठरवते आहे. पुस्तक १९३४ ते ३६ मध्ये चार भागांत आलं. याची संक्षिप्त आवृत्तीही मिळते, ती घेऊ नका. पाल्हाळ वाटतो तिथेच खरी मजा आहे.

गोडसे भटजी आणि लक्ष्मीबाई एकामागोमाग वाचले की सोवळं हा शब्द दोन वेळा दोन वजनांनी कळतो. भटजींना तो आधार आहे. लक्ष्मीबाईंना तो आधी शिक्षा आहे, मग सवय आणि मग गळून पडलेली गोष्ट.

आता शहराकडे. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन', १८६३. घराणं मूळ गोव्याचं, माणूस मुंबईत वाढलेला, पेशा शिक्षकाचा. मुंबईवर मराठीत इतकं मोठं पुस्तक त्याआधी नव्हतं, इतर भारतीय भाषांतही नव्हतं. आणि वेळ कशी साधली पाहा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिथला कापूस बंद, त्यामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव. मुंबईत पैसा नुसता वाहतोय. रेल्वे येऊन दहा वर्षं झालीत, पहिल्या कापडगिरण्या सुरू झाल्यात, आणि कोटाच्या भिंती पडण्याच्या बेतात आहेत. ज्याला आपण चर्चगेट म्हणतो तो तेव्हा खरोखरीचा दरवाजा होता आणि मराठी माणूस त्याला पवनचक्कीचा दरवाजा म्हणत असे. थोड्याच दिवसांत दरवाजा गेला, पवनचक्की हे नावही विसरलं गेलं, आणि इंग्रजी नाव तेवढं स्टेशनाला चिकटून राहिलं.

या पुस्तकात मला सगळ्यात जास्त आवडतो तो गणपत कृष्णाजींचा भाग. हा भंडारी समाजातला माणूस अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकला आणि मग स्वतःचा छापखाना काढायच्या मागे लागला. यंत्र स्वतः खटपट करून जमवलं, शाईचे प्रयोग स्वतः केले, आणि १८३१ मध्ये छापील पंचांग काढलं. आता अडचण अशी की छापलेल्या पंचांगाला, पोथीला सोवळ्यातला माणूस हात लावणार कसा? शाईत चरबी असते अशी बोलवा. यावर तोड काय काढली, तर शाईत तूप! तुपातल्या शाईनं छापलेल्या पोथ्या. हसू येतं, पण जरा थांबून विचार करा. मराठी छापील पुस्तकाला घराघरात शिरायचं होतं, आणि उंबऱ्यावर त्याला जो प्रश्न विचारला गेला तो मजकुराबद्दलचा नव्हताच. लक्ष्मीबाईंच्या घरचं धुतलेलं मीठ आणि ही तुपातली शाई एकाच जगातली आहे. मात्र एका ठिकाणी ते वेड होतं आणि दुसऱ्या ठिकाणी त्यातून धंदा उभा राहिला.

माडगावकर सलग वाचायची गरज नाही. भाषा जुनी आहे, शंभरेक पानांनी दम लागतो. आपण राहतो, नोकरी करतो किंवा जिथून रोज गाडी बदलतो तेवढा भाग शोधून वाचा.

आता ज्या जोडीसाठी मी हा भाग करायला घेतला ती. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गांवगाडा', १९१५. आत्रे सरकारी नोकरीतले, गावं पायाखालून घातलेले. गाव म्हणजे काय, पांढरी कुठली आणि काळी कुठली, पाटील-कुलकर्णी काय करतात, बलुतेदार कोण, अलुतेदार कोण, सुगीला खळ्यावर कुणाला किती धान्य जातं, जत्रेत काय चालतं, सावकाराचा हिशेब कसा फिरतो, हे सगळं या माणसानं असं लिहिलंय की गाव समोर हलायला लागतं. शब्दांचं तर कोठार आहे. कारू, नारू, फिरस्ते, वतन, वृत्ती. समाजशास्त्र हा शब्द आपल्याकडे रुळायच्या आधीचं हे समाजशास्त्र आहे, आणि बहुतेक पाठ्यपुस्तकांपेक्षा कितीतरी वाचनीय. आत्रे जुन्या गावाच्या आठवणींनी गहिवरत नाहीत हेही मला आवडतं. वतन वंशपरंपरेनं चालतं म्हणून वाईट कारागिरालाही गाव पोसत राहतं आणि सगळ्याचा भार शेवटी कुणब्याच्या डोक्यावर येतो, हे त्यांचं म्हणणं आजही विचारात घ्यावं असं आहे.

पण हे पुस्तक एकटं वाचलंत तर फसाल. आत्रे गावाकडे बघतात ते कचेरीच्या बाजूनं. धान्य किती जातं याचा हिशेब ते मांडतात, ते घ्यायला दारोदार जाणाऱ्याला काय वाटत असेल हा प्रश्न त्या खिडकीतून दिसतच नाही. म्हणून 'गांवगाडा' मिटलं की लगेच दया पवारांचं 'बलुतं' उघडा. १९७८ चं. तोच शब्द, पण आता तो आतून बोलतोय. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं धामणगाव आणि मुंबईतला कावाखाना या दोन टोकांमध्ये वाढलेला दगडू मारुती पवार आपली गोष्ट सांगतोय. सांकेतिक भाषेत 'हक्क' म्हणून जे नोंदलं जातं ते इथे टोपलीतला भाकरतुकडा होऊन येतं. आत्र्यांच्या पुस्तकात महाराच्या कामांची यादी आहे. दया पवारांच्या पुस्तकात ती कामं करणारी माणसं आहेत, त्यांची थट्टा-मस्करी आहे, त्यांची भांडणं आहेत, आणि स्वतःबद्दलची अशी कबुली आहे की वाचताना आपणच नजर वळवतो.

मधल्या काळात काय झालं तेही लक्षात घ्या. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं. ज्या वतनाला बाकी सगळे इनाम समजत होते त्याला त्यांनी गुलामीचं साधन म्हटलं. हलकी समजली जाणारी ही वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. 'गांवगाडा' आणि 'बलुतं' यांच्या मधोमध हा लढा आहे आणि ही दोन पुस्तकं वाचल्यावरच तो लढा कशासाठी होता ते कळतं. नुसतं कलम वाचून नाही कळत.

आत्र्यांचं फिरस्त्यांवरचं प्रकरण तर आज वाचताना टोचतं. भटकणारा माणूस म्हणजे गावाला लागलेली कटकट, बहुधा चोर, असा सूर आहे. तो एकट्या आत्र्यांचा नाही. जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१ मध्ये आलेला आणि १९११ मध्ये त्याची व्याप्ती देशभर वाढलेली. त्या हवेतच हे लिहिलं गेलंय. याला उत्तर लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त आहे, १९८० चं, आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'त, १९८७ चं. गावाच्या वेशीबाहेर पाल ठोकणाऱ्याला आतलं गाव कसं दिसतं? ही दोन्ही पुस्तकं बारीक आहेत, पण एका दिवसात संपवू नका.

आणि बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. फलटणला त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची, त्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या. लिहायलाही लागल्या आणि लिहिलेलं वर्षानुवर्षं घरच्यांपासून, नवऱ्यापासून लपवून ठेवलं. गोडसे भटजींच्या लिखाणाला भीती होती सरकारची, बेबीताईंच्या लिखाणाला घराची. एकाचं पुस्तक पन्नास वर्षांनी आलं, दुसरं वीस वर्षं कोपऱ्यात पडून. वीरगावच्या महारवाड्यातल्या बायकांचं जगणं, त्यांची बाळंतपणं, उपास, अंगात येणं, सासूचा जाच हे 'बलुतं'मध्येसुद्धा या नजरेनं येत नाही. म्हणजे दया पवारांनाही जोडी लागतेच.

लपून राहिलेल्या लिखाणाचा विषय निघालाच आहे तर ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' सांगून टाकते. बुलढाण्याच्या बाईनं १८८२ मध्ये लिहिलेलं छोटंसं, तिखट पुस्तक. सुरतेतल्या एका तरुण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, त्यावर वर्तमानपत्रं बायकांच्या चारित्र्याबद्दल वाटेल ते लिहू लागली, तेव्हा ताराबाईंनी पुरुषांना उलट प्रश्न विचारले. जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले, बाकी कुणी फारसं विचारलं नाही. पुस्तक विसरलं गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं म्हणून तुम्ही-आम्ही वाचतोय.

स्वयंपाकाच्या पुस्तकांना इतिहास म्हटलं की लोक हसतात. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं आणि दोन-तीन पिढ्यांच्या लग्नांत आहेर म्हणून गेलं. ते इतकं का खपलं याचं माझं उत्तर असं: त्यात मापं वाटी-चमच्यांत आहेत. "अंदाजानं मीठ घाल" हे वाक्य चालतं ते सासू शेजारी उभी असेपर्यंत. नवऱ्याची नोकरी भिलाईला किंवा बडोद्याला, दोन खोल्यांचा क्वार्टर, सासू सांगलीला. तिथे अंदाज कुणाला विचारणार? एकत्र कुटुंब मोडत होतं, ते जनगणनेच्या तक्त्यात दिसतं तसंच या वाटी-चमच्यांतही दिसतं. मात्र 'रुचिरा'त महाराष्ट्राचं सगळं ताट आहे असं समजू नका. त्यासाठी शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' घ्या. २०१५ चं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजायचं, वजडी कशी करायची, मांस वाळवून चान्या कशा करून ठेवायच्या, तेल-तुपाशिवाय चव कशी आणायची. पाककृतीही आहेत आणि हेच अन्न आजवर पुस्तकांत का आलं नाही हा प्रश्नही. शीर्षकातला एक 'अ' सगळं सांगून जातो. घरात ही दोन पुस्तकं एकाच फळीवर ठेवा.

धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन' राहिलं. त्याच्यावर एक वेगळा भाग करीन, आज एवढंच: गोव्यातल्या साखवाळचा, शाळेत फारसा न टिकलेला, नारळीच्या बागा बघणारा तरुण, 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धावरचा लेख वाचतो आणि १८९९ च्या अखेरीस घर सोडतो. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, आणि पुढे थेट अमेरिकेतलं हार्वर्ड. बायको-मुलं मागे टाकून. त्या बाजूचं पुस्तक कुणी लिहिलेलं नाही, जोडी नाही, याची चुटपुट वाचताना लागून राहते.

आता कामाचं. माडगावकर आणि लक्ष्मीबाई यांच्या पुस्तकांवरच्या स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली आहे, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांच्या प्रती इंटरनेटवर फुकट वाचता येतात. बाकीची विकत घ्या, लेखकाला किंवा घरच्यांना चार पैसे जाऊ देत. तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय असेल तर आधी तिथे विचारा. 'गांवगाडा' बऱ्याच ठिकाणी असतं, फक्त ते शेतीच्या कपाटात ठेवलेलं असतं. आणि क्रम विचाराल तर पहिलं 'स्मृतिचित्रे'. 'बलुतं' वाचायच्या आधी 'गांवगाडा', उलटं नको. 'माझा प्रवास' पावसाळ्यात, कारण हातात घेतलंत की बाहेर जावंसं वाटणार नाही.